आग्रा रस्त्यावरील इंजिनपालट

धुळ्याहून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा मार्गाच्या कडेला, एका अरुंद टेकडीवरील पडक्या किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले सोनगीर हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते. फारुकी गेले, १६०१ साली असीरगड पडल्यावर मोगल आले, मोगलांमागून मराठे आले, आणि १८१८ च्या प्रारंभी मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशावरील हक्क सोडल्यावर कंपनी सरकारचा अंमल बसला. परंतु या सर्व राज्यकर्त्यांच्या लेखी सोनगीरची किंमत गावावरून ठरत नव्हती, ती रस्त्यावरून ठरत होती. दक्षिणेत उतरणारा आणि उत्तरेत चढणारा माल या टेकडीखालून जाई. पुढे आगगाडी आली तीही सोनगीरला वळसा घालून: चाळीसगावहून निघालेला फाटा धुळ्याशी थांबला, तापी खोऱ्यातील लोहमार्ग नरडाण्यावरून सुरत-भुसावळकडे निघून गेला, आणि सोनगीरच्या वाट्याला पूर्ववत रस्ताच राहिला. म्हणून मोटारीचे युग अवतरले तेव्हा रेल्वेच्या गावांना जी मोटार केवळ पूरक साधन वाटली, ती या गावाला आणि याच्यासारख्या रस्त्यावरच्या सर्व कसब्यांना सर्वस्व वाटली, यात नवल नाही.

आज एखादा हौशी तरुण वीतभर उंचीच्या मिनी बाईकला मोठे इंजिन बसवून तिचा कमाल वेग कसा वाढवावा याची विवंचना करताना दिसतो, तेव्हा हे काहीतरी परदेशातून आलेले नवे खूळ आहे असा वडीलधाऱ्यांचा ग्रह होतो. वस्तुतः एका गाडीचे इंजिन उतरवून दुसऱ्या गाडीत बांधण्याचा उद्योग आग्रा रस्त्याला मुळीच नवा नाही. नवे आहे ते त्यामागचे प्रयोजन. या रस्त्यावर दोन पिढ्या इंजिने बदलली गेली ती वेग मिळविण्यासाठी कधीच नव्हेत. किंबहुना बहुतेक प्रसंगी हातचा वेग जाणूनबुजून देऊन टाकून त्याच्या मोबदल्यात ओढ आणि इंधनाची काटकसर पदरात घेतली गेली.

हे असे का झाले ते भूगोल पाहिल्याखेरीज कळणार नाही. सोनगीरहून दक्षिणेस निघालेल्या मालमोटारीला धुळे ओलांडताच लळिंगचा चढ लागतो, मालेगावापुढे राहुडचा घाट लागतो आणि इगतपुरीपलीकडे कसाऱ्याचा थळघाट उतरावा व परतताना चढावा लागतो. उत्तरेस निघालेलीला सावळद्याजवळ तापी ओलांडून, शिरपूर मागे टाकून पळासनेरपाशी सातपुड्याला तोंड द्यावे लागते आणि सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट हा तर ड्रायव्हर लोकांच्या बोलण्यात अजूनही एक स्वतंत्र प्रकरण असतो. कपाशीच्या गाठी, भुईमूग, दोंडाईच्याची मिरची असा माल लादलेल्या गाडीला या चढांवर ताशी किती मैल धावता येते हा प्रश्न कोणी विचारीतच नव्हते. प्रश्न असे तो ती मध्येच दम टाकते की नाही एवढाच. शंकरपटात पळणारी बैलजोडी आणि उसाची गाडी ओढणारी बैलजोडी एकाच गोठ्यात सहसा सापडत नाही, आणि आग्रा रस्त्याला दुसरीचीच गरज होती.

इंजिनाच्या मूळ योजनेत बदल करण्याचा पहिला व्यापक प्रयोग मात्र घाटांनी करविला नाही. तो महायुद्धाने करविला. १९३९ नंतर पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर प्रवासी मोटारींच्या पाठीशी लोणारी कोळशाच्या भट्ट्या दिसू लागल्या. भट्टीत कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू गाळून इंजिनास पाजावयाचा, अशी ती योजना. इंजिन तेच, खाद्य निराळे. परंतु या खाद्याने इंजिनाची शक्ती इतकी घटे की चढावर उतारूंनी खाली उतरून गाडीस हात लावणे हा प्रवासाचाच एक भाग समजला जाई. युद्ध संपले आणि लष्कराच्या वापरलेल्या लॉऱ्या लिलावात निघाल्या. त्या दणकट होत्या आणि स्वस्त मिळत, पण पेट्रोल पिण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. याच सुमारास, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. त्या काळच्या ताफ्यात शेवर्ले, फोर्ड, बेडफर्ड, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा नाना मेकच्या गाड्या होत्या. इतक्या जातींची यंत्रे एका छपराखाली आली की एकीचा भाग दुसरीस चालतो का हे पाहण्याची बुद्धी कारागिराला आपोआप होते. त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

येथे इंग्लंडातील एका गृहस्थाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण आपल्या मिस्त्रींच्या हातांनी जे पुढे केले त्याचा मूळ आराखडा त्याचा होता. फ्रँक पर्किन्सने १९३२ साली पीटरबरो येथे कारखाना काढला तो मोटारी बनविण्यासाठी नव्हे. पेट्रोलच्या गाडीतील इंजिन काढून त्या जागी बसेल असे हलके व जलद फिरणारे डिझेल इंजिन विकावे, हा त्याच्या धंद्याचा पायाच होता. म्हणजे इंजिनपालट ही गॅरेजमधली चोरटी कारागिरी नसून एका प्रतिष्ठित कंपनीचे अधिकृत धोरण होते! त्याचे ६ सिलिंडरचे आणि सुमारे ४.७ लिटरचे ‘पी-६’ हे इंजिन स्वातंत्र्योत्तर काळात मद्रासच्या सिम्पसन कंपनीमार्फत या देशात तयार होऊ लागले. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या डॉज आणि फार्गो मालमोटारींच्या नावाशी ‘पर्किन्स’ हा शब्द इतका चिकटला की जुन्या ड्रायव्हरांच्या बोलण्यात तो जणू गाडीचाच मेक होऊन बसला.

हे काम प्रत्यक्षात कसे चाले? पेट्रोलचे इंजिन साखळीच्या कप्पीने वर उचलून बाजूस ठेवले की पहिला प्रश्न बैठकीचा, ज्याला कारागीर ‘फाउंडेशन’ म्हणतो. नव्या इंजिनाचे पाय चासीच्या जुन्या भोकांवर कधीच बसत नाहीत. म्हणून जाड पट्ट्या कापून, भोके पाडून, रबराच्या गाद्या घालून नवी बैठक करावी लागते, आणि ती करताना इंजिनाचा आस गिअरबॉक्सच्या आसाशी केसभरही वाकडा राहून चालत नाही, नाहीतर महिन्याभरात क्लच आणि बेअरिंगे बोलू लागतात. दुसरा प्रश्न इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याचा: दोघांचे तोंड निराळ्या मापाचे असल्यामुळे मध्ये लेथवर कातलेली जाड चकती घालावी लागते. तिसरा प्रश्न वजनाचा. डिझेल इंजिन जड, तेव्हा पुढचे पाटे वाढविणे आलेच. आणि चौथा प्रश्न, जो सर्वांत शेवटी लक्षात येई, तो वेगाचा होता. डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानाने मिनिटाला कितीतरी कमी फेरे फिरते, त्यामुळे बाकी सर्व यथास्थित असूनही सपाटीवर गाडी रांगू लागे. मग मागच्या आसातील क्राउन आणि पिनियन ही दात्यांची जोडी बदलून, इंजिनाच्या एका फेऱ्यामागे चाकाने अधिक अंतर कापावे अशी तजवीज केली जाई. ज्या मिस्त्रीला हे दात्यांचे गणित येई त्याची गाडी घाटही चढे आणि सपाटीवर धावेही. ज्याला येत नसे त्याची गाडी दोन्हीपैकी एकच करी. शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसे हे त्रैराशिक तोंडी मांडत, ही गोष्ट आपल्या यंत्रशिक्षणाच्या इतिहासात कोठे नोंदली गेलेली मला आढळली नाही.

रेडिएटरचाही विचार या ओघात करणे प्राप्त आहे. त्या काळचे रेडिएटर तांब्याच्या व पितळेच्या पत्र्याचे असत, आणि गळका रेडिएटर दुरुस्त करणे म्हणजे पत्रा साफ करून त्यास नीट डाख लावणे. हे काम जात्याच तांबटाच्या विद्येचे आहे. सोनगीरच्या भांडी घडविणाऱ्या आळीतील विद्या आणि रस्त्यावरच्या गॅरेजातील विद्या यांच्यात धातूचे व हत्याराचे जे सख्य आहे ते पाहता, आपल्याकडील यांत्रिक कारागिरीचा वंशवृक्ष केवळ विलायती कारखान्यांपाशी नेऊन थांबविणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. ठोक्याच्या आवाजावरून पत्र्याची जाडी ओळखणारा कान आणि टॅपेटच्या आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखणारा कान, हे दोन निराळे कान नव्हेत.

१९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझशी सहकार्य करून जमशेदपूरला डिझेल मालमोटारी काढण्यास प्रारंभ केला आणि कारखान्यातूनच डिझेल इंजिन लावून येणारी गाडी मिळू लागल्यावर लॉऱ्यांच्या इंजिनपालटीची निकड हळूहळू ओसरली. तो करार १९६९ साली संपला व तारांकित चिन्हाच्या जागी टाटांचे अक्षर आले, तोवर आग्रा रस्ता पुरता डिझेलचा झाला होता.

परंतु कसब असे सहजासहजी मरत नाही; ते लॉरीवरून जीपवर उतरले. महिंद्रांच्या जीपमध्ये मुळात पेट्रोलचे इंजिन असे, आणि १९७३ च्या जागतिक तेलसंकटानंतर पेट्रोलच्या भावाने जीपमालकाचे कंबरडे मोडले. या कथेतील एक गमतीचा योगायोग असा की ज्या डिझेल इंजिनाने महिंद्रांची जीप वाचविली, ते प्यूजो कंपनीच्या परवान्याखालील ‘एक्सडीपी ४.९०’ इंजिन याच आग्रा रस्त्यावरील इगतपुरी येथे तयार होऊ लागले. ४ सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ते नाव. पुढे बजाज टेंपोच्या ट्रॅक्समधून मर्सिडीजच्या वंशातील ‘ओएम ६१६’ हे २.४ लिटरचे इंजिन खेडोपाडी पोहोचले, आणि भंगारात निघालेल्या गाडीचे हे इंजिन जुन्या जीपमध्ये बांधणे हा एक प्रतिष्ठेचा प्रघात झाला. फाट्याफाट्यावर उभ्या राहणाऱ्या काळ्या-पिवळ्या गाड्यांच्या बॉनेटखाली त्या काळी कोणाचे काळीज धडधडत आहे, हे आरसी बुकावरून सांगणे धाडसाचे ठरले असते.

दुचाकीच्या प्रांतातही हाच न्याय चालला. दिल्लीत महायुद्धातील लष्करी हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींपासून बनविलेल्या फटफटी नावाच्या प्रवासी रिक्षा होत्या. त्यांची मूळ इंजिने थकल्यावर पाण्याच्या पंपाला लावतात तसली डिझेल इंजिने त्यांना बसविली गेली, आणि १९९८ साली प्रदूषणाच्या कारणास्तव त्या रस्त्यावरून हटविण्यात आल्या. खानदेशाच्या शेजारी गुजराथेत बुलेटचा पुढचा भाग आणि मागे दोन चाकांचा हौदा असा छकडो धावू लागला व त्यासही डिझेल इंजिन लागले. खुद्द एन्फील्ड कंपनीने या लोकबुद्धीपुढे मान तुकवून बुलेटच्या सांगाड्यात ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचे ३२५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन घातले आणि ‘टॉरस’ नावाने ती गाडी बाजारात आणली. तिची शक्ती ६.५ अश्वशक्ती, कमाल वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर. पण एका लिटरात ती पेट्रोलच्या बुलेटच्या दुपटीने जाई आणि डिझेल तर स्वस्तच. शेतकऱ्याला आणि दूधवाल्याला याहून अधिक काय हवे होते?

वेगाची तहान आली ती छोट्या गाड्यांबरोबर, आणि उशिरा आली. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० घनसेंटिमीटरची लूना काढली. पायडल मारून सुरू होणारी, एकाच गिअरची ती गाडी मास्तरांपासून पोस्टमनपर्यंत सर्वांची झाली, पण तिने कोणाला वेगाचे वेड लावले असे म्हणता येणार नाही. ते काम पुढच्याच वर्षी एका चित्रपटाने केले. राज कपूर यांच्या ‘बॉबी’मध्ये ऋषी कपूर ज्या ठेंगण्या मोटारसायकलवर बसला ती राजदूत जीटीएस १७५, जिला लोक ‘बॉबी’ म्हणू लागले, ही या देशातील पहिली लोकविख्यात मिनी बाईक होय. आणि तिच्यात एस्कॉर्ट्स कंपनीने केले काय होते? पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेल्या मोठ्या राजदूतचे १७३ घनसेंटिमीटरचे इंजिन लहान चाकांच्या आखूड सांगाड्यात बसविले होते. हा कारखान्यानेच केलेला इंजिनपालट होता. जपानात होंडाने १९६१ साली तामा टेक या क्रीडोद्यानासाठी ४९ घनसेंटिमीटरची आणि ५ इंची चाकांची गाडी केली, तिच्यावर बसलेला माणूस माकडासारखा दिसतो म्हणून पुढे तिचे नाव ‘मंकी’ पडले, आणि तिच्यात मोठे इंजिन घालणे हा जपानी तरुणांचा पुढील अनेक दशकांचा छंद झाला. त्याच होंडा घराण्याचे आडवे निजलेले इंजिन १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० मधून आणि १९९४ नंतर स्प्लेंडरमधून खानदेशच्या गावोगावी आले. ९७.२ घनसेंटिमीटरचे, चार गिअरचे, ज्याचे भाग कोणत्याही फाट्यावरच्या दुकानात मिळतात असे हे इंजिन. मिनी बाईक बांधू पाहणाऱ्या मुलाची नजर त्यावर न गेली तरच नवल.

आता या मुलाची अपेक्षा अशी असते की स्प्लेंडरला ताशी ८० पळविणारे इंजिन आपल्या हलक्या गाडीला शंभर पळवील. येथे जुन्या मिस्त्रीचे क्राउन-पिनियनचे गणित त्याच्या उपयोगी पडले असते. मोटारसायकलचे १८ इंची चाक टायरसह सुमारे ६०० मिलिमीटर व्यासाचे असते. स्कूटरचे १० इंची चाक सुमारे ४३०. इंजिनाचे फेरे, गिअर आणि दाते तेच ठेवून केवळ चाक बदलले तर ८० चा वेग ५८ च्या आसपास येऊन थांबतो आणि इंजिन मात्र तितकेच किंचाळत राहते. गेलेला वेग परत आणावयाचा तर चेनच्या स्प्रॉकेटकडे वळले पाहिजे: मागची चकती ४२ दात्यांची असेल तर ती ३० दात्यांची करावी, म्हणजे लहान चाकाची भरपाई होते, पण उठावाची ओढ त्या प्रमाणात कमी होते, हे विसरू नये. त्याहीपुढे जावे म्हटले तर वारा आडवा येतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने आणि त्यास तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ४० चे ६० करावयाचे तर केवळ वाऱ्यासाठी सव्वातीन पटींहून अधिक शक्ती लागते, आणि ठेंगण्या गाडीवर गुडघे बाहेर काढून बसलेला धिप्पाड स्वार हा वाऱ्याला अडविण्यास उत्तम आकार आहे, त्याचे वजन तिच्याइतके असो वा नसो.

फवारणी पंपाचे किंवा निंदणीयंत्राचे इंजिन वापरणाऱ्यांची अडचण निराळी. ही इंजिने मिनिटाला साधारण ३६०० फेऱ्यांवर गव्हर्नरने आवळलेली असतात. १२ इंच व्यासाचे चाक आणि एकास सहा असे प्रमाण धरले तर वेग ताशी जेमतेम ३४-३५ किलोमीटर भरतो. मग गव्हर्नर काढून टाकण्याचा मोह होतो, आणि तो आवरलेला बरा. कारण ज्या कनेक्टिंग रॉडची व फ्लायव्हीलची घडण ३६०० साठी झाली आहे, ती साडेपाच हजारांवर कोणत्या क्षणी फुटेल याची हमी तिच्या निर्मात्यानेही दिलेली नसते. ब्रेकचे तर बोलावयासच नको. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, आणि मिनी बाईकचा ड्रम पूर्वीचाच लहान असतो. जुने मिस्त्री इंजिन बदलताना पुढचे पाटे वाढवीत; आजचे पुष्कळ जण इंजिन बदलतात आणि बाकी गाडी जशीच्या तशी सोडून देतात. ही अधोगती आहे, असे स्पष्ट म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

सरकारी दफ्तराने या उद्योगाकडे प्रारंभापासून संशयाने पाहिले आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३२ व्या कलमात वाहनातील फेरफारांची तरतूद होती. १९८८ च्या कायद्यात तिची जागा ५२ व्या कलमाने घेतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की निर्मात्याने नोंदविलेल्या मूळ घडणीपासून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. धुळ्याच्या परिवहन कार्यालयात एमएच-१८ ची गाडी त्याच मेकच्या नव्या इंजिनासह रीतसर परवानगीने पुन्हा नोंदविता येते. परंतु घरी बांधलेली मिनी बाईक मुळात कोणत्याच निर्मात्याच्या नावावर नसल्यामुळे तिला पासिंग नाही, आणि म्हणून तिची जागा शेतातील वाटेवर किंवा खासगी मैदानावर आहे, आग्रा रस्त्यावर नाही. हा महामार्ग आता चौपदरी झाला आहे आणि सोनगीर फाट्यावरून ज्या वेगाने वाहने जातात तो पाहता, या बाबतीत कायदा बरोबर आहे.

मात्र कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे, आणि कसबाचे पुढचे प्रकरण बहुधा तेथूनच सुरू होईल. ५२ व्या कलमातच निराळ्या इंधनावर किंवा बॅटरीवर वाहन चालावे यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची मुभा आहे. ठाण्याच्या एका कंपनीने खुद्द स्प्लेंडरचे इंजिन उतरवून मागच्या चाकात विजेची मोटर बसविण्याचा संच काढला आहे. त्यात चेन नाही, स्प्रॉकेट नाही, क्राउन-पिनियन नाही. वेग ठरतो तो मोटरीच्या वेटाळ्यांवर आणि बॅटरीच्या व्होल्टवर. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेतील विजेच्या दुचाकीला तर नोंदणीच लागत नाही, आणि ही मर्यादा कंट्रोलरमधील एका तारेने ओलांडता येते हे ध्यानात आल्यापासून तशा गाड्यांची तपासणी करणे हे परिवहन खात्याचे एक नवे काम होऊन बसले आहे.